कपाटावरचा डबा

(अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. बहीण याच रुग्णालयात डायलिसिसचं मशीन चालवते.)

भाऊ : म्हणजे रक्त गाळलं की आई बरी होणार. एवढं सांग ना, ताई!

बहीण : कितीदा सांगू? लघवीतला संसर्ग रक्तात भिनलाय. मशीन त्यातलं थोडं विष काढेल. जंतू मारायचे ते औषधानंच. तोवर तिनं तग धरावा म्हणून हा खटाटोप.

भाऊ : मग बसलीस काय? लाव!

बहीण : डॉक्टर नळी टाकतायत. झालं की बोलावतील. आणि माझ्यावर ओरडू नकोस. चार दिवस ताप अंगावर काढू दिलास तिला. दवाखान्यात न्यायला हात मोडले होते?

भाऊ : औषध दिलं होतं मी. डब्यातलं.

बहीण : कुठल्या डब्यातलं?

भाऊ : कपाटावरच्या. बिस्किटांच्या. आईनं जन्मभर त्यातलंच दिलं ना आपल्याला? "फेकू नका रे, कुणाच्या तरी कामी येतील." अँटिबायोटिकच्या चार गोळ्या होत्या. ताप उतरला, शेजारणीशी भांडलीसुद्धा. मला वाटलं, सुटलो.

बहीण : अरे मूर्खा, चार गोळ्यांनी काय होतंय? ताप तेवढा दबला. आत सगळं वाढतच राहिलं. दोन दिवस हातचे गेले! आणि असल्या गोळ्या अर्धवट सोडून डब्यात टाकल्या कुठल्या गाढवानं?

भाऊ : जाऊ दे, ताई.

बहीण : जाऊ दे काय? पाकीट कुठंय?

भाऊ : डॉक्टरांना दाखवलं मघाशी. झालं ते.

बहीण : दाखव म्हणते ना!

भाऊ : घे. बघ.

बहीण : "सकाळ-रात्र, सात दिवस." हे... हे तर माझं अक्षर.

भाऊ : गेल्या वर्षी राहायला आली होतीस तेव्हाचं. लघवीची जळजळ थांबली आणि उरलेल्या डब्यात टाकून गेलीस. मी बोलणार नव्हतो.

बहीण : दिवसभर लोकांना बजावत असते रे मी. गोळ्या पूर्ण करा, पूर्ण करा.

भाऊ : बोलावतायत तुला. जा.

बहीण : तो डबा...

भाऊ : सकाळीच फेकला.

बहीण : आई विचारेल. चिडेल.

भाऊ : विचारू दे, ताई. चिडू दे.