गलबताचा कौल

...नाही, पण मला सांगा, मी हरायचं कारणच काय? शब्द आमचाच! तुम्हाला सांगतो, इंग्रजीच्या जाडजूड डिक्शनरीत 'गॅलिव्हॅट' म्हणून एक शब्द आहे, खुद्द इंग्रजाला विचारलंत तरी डोकं खाजवील! अर्थ काय, तर या किनाऱ्यावरची शिडाची, वल्ह्यांची जुनी होडी. म्हणजे आपलं गलबत! आमच्या विजयदुर्गाच्या गलबतांनी साहेबाला असा पिटाळला, असा पिटाळला, की पळता पळता बिचाऱ्याने शब्दच उचलून नेला... मी लगेच माझ्या नव्या होडीवर, पर्यटकांना खाडीत फिरवायची होडी हो, ठळक अक्षरांत रंगवून घेतलं, 'गॅलिव्हॅट'!

आणि नेमके व्याही टपकले. गुरुप्रसाद, गोव्याच्या पेडण्याचे. आमची लेक रिया त्यांच्या घरात दिलेली. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी... "पाव्हण्यांनू, ह्यो शब्द पोर्तुगीजांचो! 'गालिओता'! आमच्या गोंयातसून तुमच्याकडे इलो! नसात तर सिद्ध करा, नायतर होडयेक मी सांगान तां नाव!" भर अंगणात, चार माणसांत! अब्रूच पणाला लागली की माझी!

मी डिक्शनरी पुन्हा उघडली. तर तिथे, 'बहुतेक पोर्तुगीज'. बहुतेक? बहुतेकवर कोणी मुलगी देतं का हो? शब्द आमचाच! आणि आमच्याकडे अडलेली गोष्ट नेतात कुठे? जमिनीची हद्द असो, सोयरीक असो, हरवलेली म्हैस असो... देवीकडे, कौल लावायला! गेलो. गुरवाने देवीच्या अंगाला कळ्या लावल्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि गाऱ्हाणं घातलं, "आई माउली, ह्यो इंग्लिश शब्द आमचो आसात तर उजवी कळी सोड!" आम्ही सगळे एका सुरात, "व्हय म्हाराजा!" ...आणि पडली! उजवी! मी देवळातूनच व्याह्यांना फोन लावला, "ऐकलंत? शब्द आमचाच!"

व्याही थंडगार. "बरा झाला. मीय सकाळीच तुमच्या देवीक इचारून इलंय, शब्द गोंयचो काय म्हणान. माकाय उजवीच दिल्यान."

मी गुरवाला धरला. अरे, हा कसला न्याय? तो आपला कळ्या वेचत म्हणतो, "गुरुदासानू, तुमचा चेडू त्यांच्या घरात नांदता. देवी त्यांका डावी कशी देतली?"

मग काय, घेतलं दोन्ही रंगवून! होडीच्या एका अंगाला 'गॅलिव्हॅट', दुसऱ्या अंगाला 'गालिओता'. शब्द आमचाच, त्यात वादच नाही... फक्त व्याही यायचे असले, की होडी फिरवून बांधतो.