केंदाळ आणि तेरड्याची गौर

माजा जन्म कॅसलरॉकचा, वडील रेल्वेच्या रुळावर कामाला, आनि लगीन होऊन मी आले रामनगरच्या अल्याड ह्या गावात. काय सांगू तुमाला, सासूनं, आमी सासूला आत्ती म्हनतो, मला आधी तळं दावलं आनि मग देव्हारा. म्हनाली, हे तळं हाय म्हनून उन्हाळ्यातबी भात होतं, वायंगन, आनि आपलं शेत पाटाच्या शेवटाला, पानी कमी पडलं की पयले उपाशी आपन.

मग एका साली तळ्यात केंदाळ दिसलं. फुगीर देठ, वर जांभळी फुलं, इतकं देखनं की कुनी हात लावंना. एका पावसाळ्यात त्यानं सगळं तळं झाकलं, पाटाचं तोंड बुजलं, आमचं वायंगन वाळून गेलं. ते वरीस आमी नाचन्याच्या आंबिलीवर काढलं, न्हाई, खोटं कशाला, फनसाच्या आठळ्याबी होत्या.

वैशाखात पानी खाली गेलं तसा गाव उतरला, मांडीभर गाळ, बाया बुट्ट्या भरून वर द्यायच्या, बापये माळावर नेऊन जाळायचे. गावचे गौडा, म्हंजे पाटील, घसरून गाळात बसले, तर एक म्हातारी म्हनती कशी, बसा गौडा, तुमच्याखाली तरी ते उगवायचं न्हाई. तळं लख्ख झालं. आनि नवरात्रात परत हिरवे ठिपके. सगळे म्हनाले, उळवीच्या जत्रेच्या गाड्या तळ्याकाठी सुटतात, बैलांच्या पायांतनं येतंय. मग माघात जत्रेला राखन बसवली, वैशाखात पुन्ना काढलं, नवरात्रात पुन्ना आलं.

मी रोज घाटावर भांडी घासायची. बघितलं तर ठिपके पयले घाटाच्या पायरीलाच. तिथं जत्रेची गाडी येत न्हाई, तिथं आमी गौर पान्यात बोळवतो. आमची गौर तेरड्याची, मुळासकट आनायची, मुळ्या म्हंजे तिचे पाय. आनि हल्ली पोरी खालच्या गावच्या डबक्यातनं ती जांभळी फुलं आनून तिच्यासंगं बांधायच्या, तीबी मुळासकट.

आता हे आत्तीला कसं सांगू? गावात गौर बोळवायचा पयला मान तिचा. भाकऱ्या थापता थापता सांगितलं एकदाचं, केंदाळ गौरीसंगंच तळ्यात जातंय, मुळ्या तोडून सोडूया. ती म्हनाली, म्हंजे आता देवीचे पाय तोडू व्हय मी? आनि गौर येईस्तोवर माज्याशी बोलली न्हाई.

बोळवायच्या दिवशी बाया सुपं घेऊन घाटावर उभ्या. आत्तीनं माज्याकडं बघितलंबी न्हाई. गौरीचं सूप माज्या हातात दिलं, घागर तळ्यात बुडवली, वर माळावरच्या फनसापाशी गेली, मी सूप घेऊन मागं, तिनं बुंध्याशी गौर ठेवली आनि तिच्या पायांवर पानी ओतलं. म्हनाली, दर साली हीच चालत पान्याकडं जाती, यंदा पानी हिच्याकडं आलं, बिघडलं काय?

मग एकेक बाई तिच्यामागं वळली. जांभळी फुलं तिथंच उन्हात सुकली. तळ्यातलं राहिलंसाहिलं केंदाळ आमी वैशाखात काढलं, आनि पुढच्या नवरात्रात तळ्यात नुसतं आभाळ दिसत हुतं.

आत्ती आता न्हाई. गौर फनसालाच जाती. मी सकाळी तळ्याला एक फेरी घालते, एखादं रोप दिसलं की उपटून पदरात घेते, चुलीत घालते. तुमी एवढ्या लांबनं आलासा, ऐकून घेतलासा, तर वायंगनाचा भात खाऊनच जावा. शेवटच्या शेताचा हाय. तुमच्याबी घराला पानी पोचू दे, बाबा.