बासष्ट अंश

लेक : हॉलमध्ये नको, बाबा. इथेच बसा, जिन्यापाशी. अर्ध्या तासात करारावर सह्या आहेत.

बाबा : अगं, तुझ्या सरांनी मला पहिल्या रांगेत बसवलं होतं! कॉलेज आणि आमचं वीजकेंद्र एकत्र, आणि मध्ये माझी लेक. शर्टाला कडक इस्त्री केलीय बघ.

लेक : हे तुमच्या शिफ्टचं रजिस्टर. चौदा तारीख वाचा.

बाबा : कूलिंग टॉवरचा पंखा. बेअरिंग बासष्ट अंश. मग? ठणठणीत आहे.

लेक : चौदाला पंखा दिवसभर बंद होता. मोटार खाली उतरवली होती.

बाबा : (रजिस्टर मिटतात.) चौदाला?

लेक : बंद पंखा तापतो का हो?

बाबा : हळू बोल.

लेक : दोन वर्षं बासष्ट! उन्हाळ्यात बासष्ट, थंडीत बासष्ट!

बाबा : मीटर वर आहे गं. नव्वद पायऱ्या. गुडघा साथ देत नाही.

लेक : आणि बाकीच्या शिफ्ट?

बाबा : माझं बघून लिहितात. सगळे मला काटेकोर म्हणतात ना. काटेकोरनं लिहिलंय म्हटल्यावर कोण कशाला चढतंय?

लेक : आणि मीही त्यातलीच. बाबावाक्यं प्रमाणम्! माझ्या संशोधनात बाकी सगळे आकडे दोन-दोनदा तपासले. तुमचे तेवढे तपासले नाहीत. माझी तीन वर्षं पाण्यात गेली, बाबा.

बाबा : कुणाला कळणार आहे? निवृत्तीला माझे आठच महिने राहिलेत.

लेक : तुमच्या बासष्टवरून माझा अहवाल म्हणतो, पंखा पाच वर्षं उघडू नका. आज करारावर सही झाली की अहवाल लागू, दुरुस्ती रद्द. पातं तुटून पडलं तर खाली कोण असतं?

बाबा : आपला वेल्डर. त्याची माणसं.

लेक : गुडघ्याचं मला तरी सांगायचंत.

बाबा : तुला? शाळेत असल्यापासून गावभर सांगत फिरायचीस, आमचे बाबा रोज नव्वद पायऱ्या चढतात म्हणून. कुठल्या तोंडानं सांगू?

(हॉलमधून माइकची खरखर.)

लेक : बोलावतायत मला.

बाबा : सरांना फोन कर. म्हणावं, एक आकडा राहिलाय, तोवर सह्या नकोत.

लेक : तुम्ही कुठे निघालात?

बाबा : टॉवरकडे. चल. तू वर चढ, मी खाली लिहितो.

(केंद्राच्या आवारात, टॉवरपाशी. सरांना फोन झालाय. लेक वरून ओरडते.)

लेक : पोचले, बाबा!

बाबा : आधी काच पूस. किती?

लेक : एक्क्याण्णव!

बाबा : नीट बघ गं. ऐंशीलाच पंखा बंद करायचा असतो.

लेक : नीटच बघतेय. एक्क्याण्णव!

बाबा : बरं. लिहिलं. सहीही केली. पंखा बंद करायला सांगतो, तू सावकाश उतर. हॉलमध्ये हे रजिस्टर मीच वाचणार आहे, चौदा तारखेसकट.

लेक : बाबा, मी सांगते ना सरांना. तुम्ही नका...

बाबा : मीच. फक्त तिथे स्टेजला चार पायऱ्या आहेत. तेवढा हात दे मला.