अरुंद मडगार्ड

पंक्चर निघायची वाट पाहत गॅरेजच्या बाकावर बसलेल्या मास्तरांचं पेपरातलं लक्ष केव्हाच उडालं होतं. समोर चिखलाने माखलेल्या आपल्या उघड्या मोटार-बग्गीपाशी उभ्या राहून सुईणबाई मिस्त्रीला फैलावर घेत होत्या.

“टायर रुंद बसवलेत आणि मडगार्ड जुनेच ठेवलेत, अरुंद.”

“गाडी रुतायची म्हणून रुंद बसवले, बाई.”

“आता रुतत नाही, पण सगळा चिखल माझ्या तोंडावर येतो. काल तिकडे पोरगी कळा देत होती आणि तिची सासू आधी मलाच आंघोळीचं पाणी काढत होती.”

“एवढा काही उडत नाही हो.”

“मग बसा शेजारी. ओढ्यापर्यंत जाऊन येऊ.”

“चला. जरा थांबा, हा शर्ट तेवढा काढून ठेवतो.”