पाऊस अडवणाऱ्या मिरच्या

...हसा, हसा! सकाळपासून तिसरं बोलावणं! 'पार्दीकाका, रविवारी आमच्या रेत्नोचं लग्न, तेवढ्या मिरच्या खोचून जा हं!' मी काय मिरच्या खोचायला जन्माला आलोय? तुम्हाला सांगतो, तीस वर्षं जावातल्या या सोलो गावच्या कॉलेजातला खुला रंगमंच सांभाळतोय. खुर्च्या मांडायच्या, फाटक लावायचं, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण ती वेनिंग आली आणि... मानलं बुवा पोरीला!

तिसऱ्या वर्षाची पोर, फुंकर मारली तर उडेल. म्हणाली, नाटक करतेय. कसलं? तर तरुण पोरींना काय काय ऐकून घ्यावं लागतं, त्याचं! म्हटलं, बाई गं, त्यापेक्षा राम-सीतेचं कर, लोक तरी येतील. तर म्हणते, 'काका, सीतेलाही हेच विचारलं होतं की!' घ्या!

चार महिने गावभर हिंडली हो! बाटिक रंगवणाऱ्या पोरी, सोयाबीनच्या टेम्पे-वड्या तळणाऱ्या पोरी, वसतिगृहातल्या पोरी... कुणाला कोण काय विचारतं, सगळं वहीत. आणि नाटकात तेच प्रश्न, एकामागून एक. तालमीला मी खुर्च्या पुसतोय, तेवढ्यात एक पोरगी कमरेवर हात ठेवून खेकसली, 'ही काय वेळ झाली? घरी ठाऊक आहे का?' फडकं हातातच राहिलं माझं! अहो, फाटकावर रोज मीच विचारतो ते, आवाजसुद्धा माझाच! मानलं बुवा पोरीला!

प्राचार्यांनी बजावलं, 'एकच प्रयोग. पाऊस आला तर पुन्हा परवानगी नाही.' महिना कुठला? जानेवारी, आमच्याकडचा ऐन पावसाचा! दुपारी चारलाच आभाळ काळंकुट्ट! वेनिंगचा चेहरा बघवेना. म्हणून मीच सुचवलं, आपल्याकडे करतात ते करा की! झाडूच्या काडीला लाल मिरच्या नि कांदे ओवायचे, काडी अंगणात खोचायची, पाऊस पुढे सरकतो. मात्र खोचायची कुमारिकेनं, म्हणजे तसला संबंध कधी न आलेल्या पोरीनं. एवढंच बोललो हो! रीतच आहे, माझं काय चुकलं?

बारा पोरी, बाराही माना खाली! आणि दिवेवाला, गामेलान वाजवणारे, झाडून सगळे पुरुष टकामका बघताहेत, कोण पुढे होतेय आणि कोण नाही! पुढे झाली तरी चर्चा, नाही झाली तर विचारूच नका! एक पोर तर रडायच्या बेतात. वेनिंगनं शांतपणे काडी उचलली आणि... दिली माझ्या हातात! 'काका, तुमचं लग्न झालेलं नाही ना? मग खोचा की!'

सगळ्या माना माझ्याकडे! अठ्ठावन्न वर्षांचा मी, कान असे तापले म्हणून सांगू! खोचावी तरी पंचाईत, न खोचावी तरी पंचाईत... तेव्हा कळलं हो, या पोरींचं रोज काय होतं ते. लाज वाटली माझी मलाच. डोळे मिटले आणि खोचली!

अन् पाऊस? गावभर धो धो, आमच्या अंगणात थेंब नाही! नाटक असं रंगलं, बाया डोळे पुसताहेत, प्राचार्य उठून म्हणताहेत, 'आणखी तीन प्रयोग करा!' मी तर हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या. मानलं बुवा पोरीला!

फक्त त्या मेल्या पावसानं दोन थेंब तरी टाकायचे होते हो... माझ्याबद्दल गावाला थोडा तरी संशय राहिला असता!