लवंगेच्या भरवशावर

सॉसेजमधलं मीठ मी निम्मं केलं, मांस टिकवायची गुलाबी पावडर काढून टाकली आणि त्या जागी लवंग वाढवली. एवढीच माझी अक्कल.

आमी उत्तनचे. बाप मच्छीमार, पण मला होडीत उलटी व्हायची, बाप म्हणायचा मासे तुला हसतात रे, मग मी भाईंदरला सॉसेजच्या कारखान्यात लागलो आणि अठरा वर्षं मांसात मसाला कालवला. तिथे तपासणीला एक मॅडम होती, ती सांगायची की लवंग, दालचिनी, लसूण मांस टिकवायला मदत करतात, पण मीठ, ती गुलाबी पावडर आणि थंडी सोडायची न्हाय. काय सांगू तुम्हाला, पहिलं अर्धं मी ऐकलं, दुसऱ्या अर्ध्याला माझा चहा आला.

कारखाना बंद पडला तसा मी घरीच सुरू केलं, बिनकेमिकल, कमी मिठाचं. मीरा रोडची ब्लडप्रेशरवाली माणसं खूश. त्यात आमच्या रोझलिनचा साखरपुडा ठरला, मुलगा वसईचा, चांगला, पोरीने स्वतः पसंत केलेला. मी म्हटलं, पाहुण्यांना माझीच सॉसेज. बोंबील सुकवतो त्या काठ्यांवर चार दिवस टांगली, फ्रिज कशाला, लवंग हाय ना. बायको मर्सी म्हणाली, अवो, वास येतोय. मी म्हटलं, लवंगेचा हाय. ती म्हणाली, लवंगेच्या खालून येतोय. मी म्हटलं, तुला नाक हाय, मला अठरा वर्षं हायेत.

पाहुणे जेवले. मुलाच्या बापाने तीनदा घेतली, म्हणजे दोनदा त्याने घेतली आणि तिसऱ्यांदा मी ताटात कोंबली. लवंगेने मांस न्हाय टिकवलं, वास तेवढा झाकला. सकाळी फोन सुरू झाले, अर्धे पाहुणे संडासात आणि मुलाचा बाप आयसीयूत. मी शहाळं घेऊन बघायला गेलो तर मुलाची आई दारातच म्हणाली, यातबी लवंग घातलीत काय?

नऊ दिवसांनी तो माणूस सुटला, पार काटकी होऊन. लग्न मोडलं. अंगठी रोझलिनच परत देऊन आली, माझ्या वतीने त्या बापाच्या पाया पडून आली आणि घरी येऊन पोर मोरीत तोंड दाबून रडली. मी दाराबाहेर उभा, म्हटलं बाय, सोड, होतं असं. मग ती माझ्याशी दीड वर्ष बोलली न्हाय, बरोबरच हाय तिचं.

आता मी मर्सीचे बोंबील उलटे-पालटे करतो, मीठ लावायचं काम ती मला देत न्हाय. येत्या रविवारी पालघरचं स्थळ येतंय. मी हौसेने शर्टाला इस्त्री केली आणि रोझलिनला विचारलं, बाय, मी कुठे बसू? ती भाजी चिरत होती, मान वर न करता बोलली, पप्पा, तू रविवारी घरी थांबू नको, तू वारलास असं सांगितलंय मी त्यांना.