देवळापुढचं यंत्र आणि एकोणपन्नासावी नोंद

आज एकतीस मे. अध्यक्ष नारायणबाब, मुख्याध्यापिका सुमंगलाबाई, आज निवृत्त होणारे आमचे गोकुळदास सर आणि समस्त डिचोलीकर, सर्वांना विनिताचा नमस्कार.

बरीच वर्षं मी या व्यासपीठावर बोलले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. कार्यक्रम वेळेत संपत होते, त्यामुळे कोणी आग्रहही केला नाही.

सर नागरिकशास्त्र शिकवत, मी शेजारच्या वर्गात विज्ञान. राज्यघटनेच्या केंद्र सूचीतली एकोणपन्नासावी नोंद भिंतीपलीकडून ऐकू यायची: पेटंट, शोध, कॉपीराइट, व्यापारचिन्हं. ती परीक्षेत कधी आली नाही. सर सांगत, "अमेरिकेने घटनेत कारणही लिहिलं. विद्या आणि उपयुक्त कला वाढाव्यात म्हणून लेखकाला आणि शोधकाला ठरावीक काळापुरता हक्क. आपण कारण लिहिलं नाही, नुसता विषय संसदेकडे दिला. कारण ज्याचं त्याने शोधावं."

हे कारण कोणाला लागणार होतं? लाटंबार्सेच्या सगुणला.

सगुणने काजूच्या बोंडूपासून बी सुटी करणारं, पायाने चालणारं यंत्र केलं. आपल्याकडे नवी वस्तू आधी देवापुढे ठेवतात. त्यानेही ठेवली, चालवून दाखवली, यंत्र कोणाचं म्हणून कौल लावला. मूर्तीवरची उजवी पाकळी पडली, म्हणजे यंत्र सगुणचंच. सगळा गाव हजर होता. पुढच्या हंगामात मुळगावात तसंच यंत्र विकायला आलं आणि सगुणची गिऱ्हाइकं तिकडे गेली. मुळगावकरांना थांबवायचं म्हणून तो शाळेत आला. मी तिथेच होते.

सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पेटंट मिळणार नाही. अर्जाआधीच सगळ्यांना दाखवलंस."

"सर, देवाक दाखयलें तें चुकलें?"

"देवाला दाखवलंस ते ठीक. सोबत गाव होता. सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनात दाखवलं तर वर्षभर सूट असते. आपलं देऊळ राजपत्रात नाही."

"आनी देवान उजवी दिली ती?"

"देवाचं बरोबर आहे, यंत्र तुझंच. पण हा विषय संसदेकडे आहे."

मग सर म्हणाले, "माणसाने शोध लपवून ठेवू नये, लोकांना सांगावा, म्हणून त्याला काही वर्षं हक्क देतात. तू आधीच सांगून मोकळा झालास. आता सरकारने तुझ्याकडून घ्यायचं काय?"

मला सरांचा राग आला. दोन शब्द धीराचे बोलायला काय जात होतं? की खोटा धीर दिला असता तर सगुण मुळगावकरांशी भांडत बसला असता? माझं अजून ठरलेलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सर लाटंबार्सेला जाऊ लागले. सगुण काम करी, सर दाराशी खुर्ची टाकून बसत. कोणी आत डोकावलं तर म्हणत, "बाबा, आत पंचायतीची सभा चाललीय." आता दुसरं यंत्र तयार आहे आणि ते पहिल्यासारखं नाही. सगुण तिसऱ्या रांगेत बसला आहे.

नव्या यंत्रात वेगळं काय, हे मला ठाऊक आहे. ते सांगितलं असतं तर भाषणाचा शेवट चांगला झाला असता. पण मुळगावची दोन मंडळी मला इथून दिसत आहेत. तेही सरांचेच विद्यार्थी, सर्वांचं स्वागत आहे.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. काही जास्त बोलले असेन तर सांभाळून घ्यावं. जे कमी बोलले, ते मुद्दाम. सरांना उद्यापासून शाळा नाही, म्हणून उद्यासाठी एकच काम लिहून ठेवलं आहे: सगुणचा अर्ज पाठवणे, कौल त्यानंतर.